अकरा संघ आणि उसना हंगाम: स्टॅनफर्डच्या क्रीडा विभागाचं प्रकरण

8 जुलै 2020 रोजी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपल्या 36 क्रीडा संघांपैकी 11 बंद करत असल्याचं जाहीर केलं. खेळाडूंना ही बातमी झूमवरच्या बैठकीत कळली. संघ त्याच दिवशी मोडायचे नव्हते. कोरोनाच्या साथीने खेळू दिलं तर 2020-21 चा हंगाम त्यांनी विद्यापीठाच्या नावाने खेळायचा आणि तो संपला की गाशा गुंडाळायचा, असं ठरलं. खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या चालू राहणार होत्या. ज्याला खेळायचंच असेल त्याला पुढे हौशी क्लब काढून खेळायची मुभा होती.

हे वर्षभराचं अभय विभागाने माणुसकी म्हणून दिलं असावं. निर्णय फिरला तो मात्र या अभयामुळेच, असं मला वाटतं. वर्षअखेरीला संघ वाचले ते देणगीदारांच्या पैशाने आणि कोर्टाच्या धाकाने. पण पैसा गोळा व्हायला आणि वकील उभे राहायला जो वेळ लागतो, जो प्रेक्षक लागतो, तो या उसन्या हंगामाने पुरवला.

आपल्याकडच्या वाचकाला आधी विभागाचा आवाका सांगायला हवा. आपल्या विद्यापीठाचं क्रीडा खातं म्हणजे प्रवेशाच्या वेळी घेतलेलं जिमखाना शुल्क, आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाताना मिळणारा प्रवासभत्ता आणि एखादा ट्रॅकसूट. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात हेच खातं स्वतंत्र उद्योग असतो. फुटबॉल, म्हणजे त्यांचा अमेरिकन फुटबॉल, आणि पुरुषांचं बास्केटबॉल टीव्हीचे हक्क विकून कमावतात. बाकीचे खेळ त्या कमाईवर आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर जगतात. पहिल्या श्रेणीतलं विद्यापीठ सरासरी 18 खेळ चालवतं. स्टॅनफर्ड त्याच्या दुप्पट चालवत होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. सगळ्या खेळांतली कामगिरी एकत्र मोजून जो डायरेक्टर्स कप दिला जातो, तो 1994-95 पासून 2018-19 पर्यंत सलग 25 वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाला मिळू दिला नव्हता.

कापायच्या यादीत पुरुष आणि महिला तलवारबाजी, महिलांची हॉकी, पुरुषांचं रोइंग, महिलांचं हलक्या वजनाचं रोइंग, सेलिंगचे दोन संघ, स्क्वॉश, सिंक्रोनाइज्ड स्विमिंग, पुरुषांचं व्हॉलीबॉल आणि कुस्ती होती. खेळाडू 240 हून जास्त, प्रशिक्षक 22. या अकरा संघांनी मिळून 20 राष्ट्रीय विजेतेपदं आणि 27 ऑलिंपिक पदकं मिळवली आहेत, हे विद्यापीठानेच त्या पत्रात लिहिलं होतं. काढून टाकायच्या माणसाला प्रशस्तिपत्र देऊन निरोप द्यायची रीत सगळीकडे आहे. इथे ते प्रशस्तिपत्र पुढे वर्षभर विद्यापीठाविरुद्धच वाचून दाखवलं गेलं.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. पत्रातल्या हिशेबानुसार साथ यायच्या आधीच विभागाची 2021 ची तूट 1.2 कोटी डॉलरच्या वर जाणार होती. साथ धरून ती 2.5 कोटी होणार, तीही सगळं बरं झालं तर. तीन वर्षांत मिळून खड्डा 7 कोटींच्या आसपास. आणि हे अकरा खेळ राष्ट्रीय दर्जाने कायमचे चालवायचे तर 20 कोटी डॉलरच्या वर रक्कम लागेल.

हा शेवटचा आकडा ऐकून कुणीही गार पडेल, पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. 20 कोटी हा एका वर्षाचा खर्च नव्हे. तो कायमनिधी आहे. अमेरिकन विद्यापीठं मोठी देणगी बँकेत ठेवीसारखी गुंतवतात आणि साधारण 4 ते 5 टक्के दरवर्षी खर्चाला काढतात. म्हणजे 20 कोटींतून वर्षाला 80 लाख ते 1 कोटी डॉलर निघतात. खरा प्रश्न एवढ्या वार्षिक रकमेचा होता. विभागाने मात्र तो मुद्दलाच्या भाषेत मांडला. तसा मांडला की समोरच्याची वाटाघाट करायची हिंमतच खचते. वर्षाला 80 लाख कमी पडतात म्हटलं की दहा देणगीदार विचार करतात. आधी 20 कोटी आणा म्हटलं की ते घरी जातात. हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. हिशेब खोटा नव्हता. पण आकडा कोणत्या रूपात पुढे ठेवायचा हे ज्याच्या हातात असतं, अर्धा निकाल त्याच्याच हातात असतो.

दुसरी अडचण म्हणजे स्टॅनफर्डचा एकूण निधी तेव्हा 28 अब्ज डॉलरच्या घरात होता. इतका निधी असलेल्या संस्थेने व्हॉलीबॉलला पैसे नाहीत म्हणावं हे लोकांच्या पचनी पडेना. विद्यापीठाची बाजूही खोटी नव्हती: निधीतला बराचसा पैसा देणगीदारांनी ठरावीक कामासाठी दिलेला असतो, कर्करोगाच्या संशोधनाचा पैसा होडीला लावता येत नाही. तरी खासगी विद्यापीठ असल्यामुळे विभागाचे जमाखर्च सरकारी विद्यापीठासारखे खुले नव्हते. पडताळा घेता येत नाही तेव्हा संशयच बळावतो.

वेळही वाईट होती. 12 मार्च 2020 रोजी एनसीएए या देशपातळीवरच्या संघटनेने हिवाळी आणि वासंतिक अशा सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा एका फटक्यात रद्द केल्या होत्या. पुरुषांची बास्केटबॉल स्पर्धा गेल्यामुळे संघटनेकडून सभासद विद्यापीठांना वाटायची रक्कम 60 कोटी डॉलरवरून साडेबावीस कोटींवर आली. त्या उन्हाळ्यात ब्राउन, डार्टमथ, आयोवा, सगळीकडे कात्री चालू होती. स्टॅनफर्ड एकटं नव्हतं. पण ज्या घरात 25 कप आहेत तिथेच अकरा संघ जात असतील तर बाकीच्यांना काय आशा, असा त्याचा अर्थ देशभर लावला गेला.

मग हंगाम सुरू झाला, आणि तो धड सुरूही होईना. विद्यापीठ ज्या सांता क्लारा परगण्यात आहे तिथे नोव्हेंबर 2020 च्या अखेरीस अंगाला अंग लागणारे सगळे खेळ बंद करण्यात आले. महिलांचा बास्केटबॉल संघ बोचकी बांधून बाहेर पडला तो दहाएक आठवडे हॉटेलांतून राहिला, सरावाला सांता क्रूझ, सामन्याला लास वेगास. प्रशिक्षक टेरा व्हॅनडरव्हीर यांनी याच भटकंतीत, डिसेंबरमध्ये, पॅट समिट यांचा 1,098 विजयांचा विक्रम मागे टाकला. 4 एप्रिल 2021 रोजी सॅन अँटोनिओत त्यांच्या संघाने ॲरिझोनाला 54-53 असं एका गुणाने हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. आधीचं 1992 चं होतं.

हा संघ कापायच्या यादीत नव्हता. म्हणूनच तो या प्रकरणात महत्त्वाचा आहे. एकाच विभागाच्या एकाच कचेरीतून एप्रिलमध्ये विजयाची अभिनंदनं जात होती आणि अकरा संघांची निरवानिरवही चालू होती. दोन आठवड्यांत पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्स संघानेही राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मे महिन्यात पहिल्याच वर्षाला असलेल्या रेचल हेकने गोल्फमध्ये वैयक्तिक विजेतेपद घेतलं. विभागाचा वसंत इतका भरभरून चालला होता की काटकसरीची भाषा दर आठवड्याला आणखी विसंगत वाटायची.

पण गाजला तो कुस्तीगीर.

शेन ग्रिफिथ 165 पौंडांत, म्हणजे साधारण 75 किलो गटात खेळायचा. 2020 च्या हंगामात तो एकही कुस्ती हरला नव्हता, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर साथ आली. पुढच्या वर्षी सेंट लुईसच्या स्पर्धेत त्याला आठवं मानांकन होतं. त्याने स्टॅनफर्डचा लाल पोशाख घातला नाही. नाव नाही, चिन्ह नाही, असा साधा काळा सिंगलेट घालून तो मॅटवर उतरला. 20 मार्च 2021 रोजी अंतिम फेरीत त्याने पिट्सबर्गच्या जेक वेन्टझेलला 6-2 असं हरवलं. प्रेक्षागृहातून स्टॅनफर्डची कुस्ती वाचवा अशा घोषणा चालू होत्या. या विद्यापीठाला कुस्तीतलं राष्ट्रीय विजेतेपद त्याआधी एकदाच मिळालं होतं, 2004 मध्ये मॅट जेन्ट्रीकडून.

व्यवस्थापनाच्या बाजूने पाहिलं तर ही नामुष्कीच होती. विजेता तुमचा, पदक तुमच्या खात्यावर, आणि टीव्हीवर दिसतंय काय तर तुमचं नाव काढून टाकलेलं अंग. जाहिरातीवर कितीही खर्च करून असं चित्र पुसता येत नाही. तालमीतली माणसं हे लगेच समजतील: पठ्ठ्या आखाड्यात उतरताना कुणाचं नाव घेतो यावर वस्तादाची पत ठरते. ग्रिफिथने कुणाला शिवी दिली नाही, बहिष्कार घातला नाही, नियम मोडला नाही. फक्त नाव घेतलं नाही.

संघ जुलैतच मोडले असते तर हे घडलंच नसतं. ग्रिफिथ कुठल्या तरी दुसऱ्या विद्यापीठाच्या रंगात जिंकला असता आणि बातमी दोन ओळींची झाली असती. यादीतल्या रोइंग, सेलिंग, व्हॉलीबॉल या संघांचा तर मुख्य हंगामच वसंतात. म्हणजे निर्णयाला आठ-नऊ महिने उलटल्यावर, लोक विसरू लागायच्या वेळी, त्यांच्या शर्यती आणि सामने सुरू झाले. प्रत्येक स्पर्धेबरोबर संघ बंद होतोय ही बातमी नव्याने छापून येऊ लागली. एखादं अप्रिय काम एका दिवसात उरकायचं की वर्षभर लांबवायचं, याचा विचार करणाऱ्या कुणाही अधिकाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. लांबवणं दयाळूपणाचं होतं आणि खेळाडूंच्या दृष्टीने योग्यही. पण मग त्या वर्षभरात आपलं म्हणणं टिकेल अशी तयारी हवी होती. ती नव्हती.

दरम्यान माजी खेळाडू एकवटले. आधी ज्याने त्याने आपापल्या खेळापुरती धडपड केली: कुस्तीवाले कुस्तीसाठी पैसे जमवत होते, व्हॉलीबॉलवाले व्हॉलीबॉलसाठी. हे विभागाच्या सोयीचं होतं, कारण एकेकाला वेगळं उत्तर देता येत होतं. पुढे अकराही संघांचे लोक ‘36 स्पोर्ट्स स्ट्राँग’ या नावाखाली एकत्र आले आणि न कापलेल्या खेळांतले मोठे लोकही त्यांच्या मागे उभे राहिले. बीच व्हॉलीबॉलची ऑलिंपिक विजेती केरी वॉल्श जेनिंग्ज, फुटबॉलचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक, ही नावं त्यात होती. लकच्या नावाला जास्त वजन, कारण तो कमावत्या खेळातला. दुबळ्या खेळांनी आपसात भांडत बसण्याऐवजी सबंध 36 चं नाव घेतलं, हा या मोहिमेतला सर्वांत शहाणा निर्णय. एकटी स्क्वॉश वाचवा म्हणून कुणी हललं नसतं.

त्यांनी कोट्यवधी डॉलरची आश्वासनं गोळा केली आणि विद्यापीठाशी बोलणं मागितलं. बराच काळ उत्तर एकच होतं, निर्णय अंतिम आहे.

मे 2021 मध्ये दोन दावे दाखल झाले. पहिल्यात खेळाडूंचं म्हणणं असं की आम्हाला प्रवेश देताना हे संघ बंद व्हायची शक्यता लपवण्यात आली. माहीत असतं तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो. दुसरा दावा मुलींचा होता, आणि तो जास्त अडचणीचा. 1972 च्या टायटल नाइन या कायद्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येत नाही. खेळात त्याची एक कसोटी अशी की विद्यार्थ्यांत मुलींचं जेवढं प्रमाण, तेवढंच साधारण खेळाडूंतही हवं. आता फुटबॉलच्या एकाच संघाला तेव्हा 85 शिष्यवृत्त्यांची मुभा होती आणि ती सगळी मुलं. तेवढी मुलींची संख्या दुसरीकडे भरून काढायची तर महिलांचे पुष्कळ छोटे संघ लागतात. स्टॅनफर्डच्या यादीत नेमके असेच संघ होते. आकाराने छोटे, खर्चाला डोईजड, पण कायद्याचा तराजू सरळ ठेवणारे. ब्राउन विद्यापीठ याच दगडाला आधी ठेचकाळलं होतं. तिथे 1998 पासून न्यायालयातली तडजोड लागू होती, आणि 2020 च्या कपातीनंतर महिलांचे दोन संघ त्यांना परत घ्यावे लागले. त्यामुळे स्टॅनफर्डच्या वकिलांना पुढचं ठेचाळणं दिसत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

दावे दाखल झाल्यावर आठवडाभरात, 18 मे 2021 रोजी, विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. अकराही संघ राहणार. अध्यक्ष मार्क टेसियर-लाव्हीन यांनी कारण दिलं ते बदललेल्या परिस्थितीचं आणि माजी विद्यार्थ्यांच्या दातृत्वाला आलेल्या भरतीचं. परिस्थिती खरोखर बदलली होती: जून 2021 ला संपलेल्या वर्षात शेअर बाजाराच्या तेजीने विद्यापीठाच्या गुंतवणुकीला 40 टक्क्यांच्या वर परतावा मिळाला आणि एकूण निधी 37.8 अब्जांवर गेला. पण दाव्यांचा आणि ग्रिफिथच्या काळ्या सिंगलेटचा या फिरण्याशी काही संबंध नव्हता असं कुणी म्हणालं तर ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं होईल.

निर्णय फिरल्यानंतरही वसंत संपला नव्हता. बेसबॉल संघ टेक्सस टेक या विद्यापीठाला त्यांच्याच घरी लोळवून ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्याला, पोचला. 23 जूनला व्हँडरबिल्टविरुद्ध शेवटच्या डावात भरकटलेल्या एका फेकीवर विजयी धाव गेली आणि 6-5 असा पराभव घेऊन ते परतले. त्याच उन्हाळ्यात डायरेक्टर्स कप टेक्सस विद्यापीठाने नेला, इतिहासात पहिल्यांदा. 2019-20 मध्ये साथीमुळे कप दिलाच गेला नव्हता, त्यामुळे स्टॅनफर्डची 25 वर्षांची मालिका तुटली ती नेमकी या हंगामात. टेक्ससने त्या वर्षी पुरुषांचं जलतरण, महिलांचं रोइंग आणि महिलांचं टेनिस अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. एकही खेळ न कापता, हेही लक्षात घ्यावं. पण त्यांच्या तिजोरीत फुटबॉलचा पैसा इतका आहे की तुलना फार ताणण्यात अर्थ नाही.

वाचलेल्या संघांचं पुढे काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. वर्षभराच्या अनिश्चिततेत खेळाडू आणि प्रशिक्षक दोघंही दुसरीकडे बघू लागतात, आणि बंद होणाऱ्या संघात नवीन मुलं कोण येणार? कुस्तीचे प्रशिक्षक जेसन बोरेली 2021 मध्येच दुसऱ्या विद्यापीठात गेले. त्यांच्या जागी कॉर्नेलचे रॉब कोल आले, तेही 2023 मध्ये निघून गेले. ग्रिफिथ 2022 मध्ये स्टॅनफर्डच्याच नावाने पुन्हा अंतिम फेरीला पोचला, एका गुणाने हरला, आणि शेवटचं वर्ष मिशिगनकडून खेळला. कागदावर संघ जिवंत ठेवायला एक पत्र पुरतं. भरतीची साखळी तुटली की ती जोडायला चार-पाच वर्षं जातात, आणि तो तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

पैशाचा प्रश्नही मिटलेला नाही. 2023 मध्ये पॅक-12 ही पश्चिम किनाऱ्यावरची जुनी परिषद, म्हणजे आपसात सामने खेळणारा आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकणारा विद्यापीठांचा गट, फुटली. स्टॅनफर्डला 2024 पासून अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी परिषदेत जावं लागलं, तेही पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला फक्त 30 टक्के वाटा घेऊन. सॉफ्टबॉलच्या मुली आता सामन्यासाठी बोस्टन आणि फ्लोरिडाच्या दिशेने विमानात बसतात. जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी 2.05 कोटी डॉलरपर्यंत. यातला बहुतेक पैसा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. 2020 साली ज्या 1.2 कोटींच्या तुटीसाठी अकरा संघ कापायला घेतले होते, त्याहून मोठी रक्कम आता एका नव्या रकान्यातून बाहेर जाऊ शकते.

नोव्हेंबर 2024 मध्ये स्टॅनफर्डने फुटबॉल संघासाठी महाव्यवस्थापक नेमला, आणि देणग्या उभारणं हाही त्याच्या कामाचा भाग ठेवला. तो महाव्यवस्थापक म्हणजे अँड्र्यू लक. 36 खेळांच्या बाजूने ज्याने आपलं नाव दिलं, त्याला आता त्याच माजी विद्यार्थ्यांच्या दारी एका खेळासाठी जायचं आहे.